चाकांवरचे बिऱ्हाड

[युरोपातील अनेक लोक मोटारगाडीतच छोटेसे घर थाटून प्रवास करतात. असे घर कसे असते, त्यात राहताना कशाकशाचा हिशेब ठेवावा लागतो आणि परक्या गावात कसे वागावे लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मुलांनो, 'कारवाँ' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उंटांच्या रांगा घेऊन वाळवंटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जथ्याला कारवाँ म्हणत. हा शब्द मूळचा फारसी. तो जसा उर्दूत आला, तसाच तो युरोपातही गेला. इंग्रजांनी त्याचा उच्चार 'कॅराव्हॅन' असा केला. पुढे इंग्लंडमध्ये मोठ्या झाकलेल्या गाडीला कॅराव्हॅन म्हणू लागले. मग चाकांवरच्या घरालाही तेच नाव मिळाले. याच शब्दाचा पुढचा भाग गळून 'व्हॅन' हा शब्द तयार झाला. म्हणजे तुमच्या शाळेपुढे उभी राहणारी व्हॅन ही कारवाँचीच धाकटी बहीण होय!

प्रवासाचे असे कितीतरी शब्द मराठीत आणि उर्दूत सारखे आहेत. मुक्काम, सफर, सराई हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. तुम्ही 'मंजिल' म्हणता, मराठीत तिचीच 'मजल' झाली. थांबत थांबत लांबचा प्रवास केला, की 'मजल दरमजल करीत गेला' असे म्हणतात. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनच्या वाटांवरून असेच मजल दरमजल करीत जात. त्यांची बायकामुले आणि भांडीकुंडी त्यांच्याबरोबरच असत. ज्याचा सगळा संसार त्याच्याबरोबरच फिरतो, त्याच्याबद्दल मराठीत एक म्हण आहे : 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर'.

पण पोटासाठी फिरणे वेगळे आणि हौसेसाठी फिरणे वेगळे. हौसेखातर घर घेऊन निघालेल्यांमध्ये एक नाव अगदी आधी घेतले जाते. ते म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे. ते मूळचे स्कॉटलंडचे. ब्रिटिश आरमारात त्यांनी डॉक्टर म्हणून नोकरी केली होती. पुढे ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. त्यांनी ब्रिस्टल शहरातील एका कारखान्यातून राहण्याजोगी घोडागाडी बनवून घेतली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'वाँडरर', म्हणजे भटकी. १८८५ साली ते या गाडीतून इंग्लंडच्या दक्षिणेकडील ट्वायफर्ड या गावाहून निघाले आणि थेट स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हर्नेस शहरापर्यंत गेले. गाडीला दोन घोडे होते. बरोबर एक गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट होता. गाडी अवजड आणि रस्ते अरुंद. म्हणून नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि वाट मोकळी आहे की नाही ते पाही. या तेराशे मैलांच्या प्रवासावर डॉक्टरांनी लिहिलेले पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून पुष्कळांना असा प्रवास करावासा वाटू लागला. १९०७ साली इंग्लंडमध्ये अशा हौशी प्रवाशांचा 'कॅराव्हॅन क्लब' स्थापन झाला.

मोटारी आल्या आणि घोडे गेले. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीची पेटीच्या आकाराची छोटी व्हॅन तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५१ साली, वेस्टफालिया या कारखान्याने त्या व्हॅनमध्ये ठेवता येईल असे सामान विकायला काढले. त्यात बसायचे बाक, कपाट आणि टेबल होते. दुकानदाराने आठवडाभर व्हॅनमधून माल न्यायचा आणि सुटी लागली की त्याच व्हॅनमध्ये हे सामान बसवून बायकामुलांसह फिरायला जायचे, अशी ती युक्ती होती. एकाच गाडीत स्वयंपाकघर, शेज आणि प्रवास या सगळ्यांची सोय झाली. अशा गाडीला आज 'मोटरहोम' म्हणतात.

आता आपण आजच्या एका लहान मोटरहोममध्ये डोकावून पाहू. युरोपातील बऱ्याच लहान मोटरहोम फियाट डुकाटो या इटलीत बनणाऱ्या मालवाहू व्हॅनवर बांधलेल्या असतात. ही व्हॅन साधारण सहा मीटर लांब असते. पुढचा चालकाचा भाग सोडला, तर आत सुमारे ३.७ मीटर लांब आणि १.८७ मीटर रुंद एवढी जागा उरते. गुणाकार करून पाहा. ही जागा सात चौरस मीटरही भरत नाही. फुटांच्या हिशेबात ती सुमारे ७५ चौरस फूट होते. मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची असते. म्हणजे आपली चाळीतील खोलीसुद्धा या घरापेक्षा ऐसपैस म्हणायची!

एवढ्याशा जागेत ओटा आहे, दोन ज्योतींची गॅसची शेगडी आहे, भांडी धुण्याचे छोटे कुंड आहे, शीतकपाट आहे. एका बाजूला संडास आणि स्नानाची जागा मिळून कपाटाएवढी खोली आहे. पुढची दोन आसने उलट्या दिशेने फिरतात. गाडी थांबली की ती फिरवायची, मध्ये टेबल लावायचे, की झाली बैठकीची खोली. आणि सगळ्यांत मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा, कायमचा पक्का पलंग.

या पलंगापाशी जरा थांबू या. तो सुमारे १.८५ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद असतो. म्हणजे साऱ्या घराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा तो एकटाच व्यापतो. दिवसभर तर त्यावर कोणी झोपत नाही. मग एवढी मोलाची जागा त्याला का द्यायची? रात्री टेबल खाली करून, त्यावर गाद्या जोडून झोपायची सोय करता येते. सकाळी ते सारे मोडले, की पुन्हा बैठक तयार. अशा गाड्याही पुष्कळ आहेत आणि त्या लांबीला आखूड असतात.

याचे उत्तर तुमच्यापैकी कित्येकांना आपल्या घरातच सापडेल. लहान खोलीत रोज रात्री सामान सरकवावे लागते, गाद्या घालाव्या लागतात आणि सकाळी त्या गुंडाळून रचाव्या लागतात. एखादा आजारी पडला, तर त्याच्या अंथरुणाभोवती बाकीच्यांना दिवस काढावा लागतो. एकाला अभ्यास करायचा असतो, दुसऱ्याला झोप आलेली असते. दोनचार दिवसांच्या सहलीत हे श्रम जाणवत नाहीत. पण जो महिनोन्‌महिने गाडीत राहतो, त्याला ते रोज करायचे असतात. पाऊस असो, थकवा असो वा ताप असो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणारे लोक बैठक लहान करतात, पण पलंग पक्का ठेवतात. शिवाय त्या पलंगाखाली मोठे कोठार मिळते. लहान घरात सगळेच मिळत नाही. एक सोय घेतली, की दुसरी सोडावी लागते. कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची, हे ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचे असते.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' अशी मराठीत म्हण आहे. उर्दूत तुम्ही म्हणता, 'जितनी चादर हो, उतने ही पाँव फैलाओ.' चाकांवरच्या घरात ही म्हण पावलोपावली खरी होते. पाण्याचेच पाहा. गाडीत पाण्याची टाकी असते ती सुमारे शंभर लिटरची. दोन माणसे आहेत आणि तीन दिवस पाणी भरायला मिळणार नाही असे धरा. मग एका माणसाच्या वाट्याला दिवसाला सतरा लिटरही येत नाहीत. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ सारे एका बादलीत! म्हणून लोक भांडी आधी पुसून घेतात आणि मग धुतात. अंग ओले केले की नळ बंद करतात, साबण लावतात आणि मगच पुन्हा नळ सोडतात. ज्या वस्तीत पाणी तासभरच येते, तेथील मुलांना हे शिकवावे लागत नाही. पण ज्यांना घरी चोवीस तास पाणी मिळते, त्यांना पाण्याचे मोल अशा गाडीत प्रथमच कळते.

दुसरा हिशेब वजनाचा. बहुतेक लहान मोटरहोमना माणसे व सामान धरून जास्तीत जास्त ३५०० किलो वजनाची मर्यादा असते. समजा, चालक आणि इंधन धरून गाडीचेच वजन २९५० किलो आहे. मग शिल्लक राहिले ५५० किलो. त्यात सोबत्याचे ७० किलो गेले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून भरलेल्या टाकीचे १०० किलो गेले. दोन सायकली आणि त्या अडकवायची चौकट यांचे ५० किलो गेले. उरलेल्या ३३० किलोंत गॅसच्या टाक्या, कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या आणि पुस्तके बसवायची. जागा आहे म्हणून भरत गेले, तर मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. वजन वाढले की गाडी थांबायला जास्त अंतर लागते. टायर तापतात आणि फुटूही शकतात. सारे जड सामान पलंगाखालच्या कोठारात कोंबले, तर मागची चाके दबतात आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. मग वळणावर आणि निसरड्या रस्त्यावर गाडी नीट वळत नाही. म्हणून जड वस्तू खाली आणि शक्यतो दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवतात. हलक्या वस्तू वरच्या कपाटात ठेवतात. निघण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची कडी लावतात. नाहीतर पहिल्याच वळणावर भांडी अंगावर येतील!

वीज घरातल्यासारखी अखंड मिळत नाही. ती बॅटरीत साठवावी लागते. गाडी चालू असताना ही बॅटरी भरते. पुष्कळ गाड्यांच्या छतावर सूर्यप्रकाशावर वीज तयार करणारे पत्रेही असतात. या विजेवर दिवे लागतात, पंप चालतो, टेलिफोन भारित होतो. पण इस्त्री किंवा विजेची शेगडी लावली, तर बॅटरी थोड्याच वेळात रिकामी होते. म्हणून स्वयंपाकाला आणि ऊब मिळवायला बहुधा गॅस वापरतात.

गॅसच्या बाबतीत एक विज्ञानाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन हे दोन वायू असतात. टाकीत ते द्रवरूपात भरलेले असतात. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली उकळतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत नुसत्या ब्युटेनचा वायूच होत नाही. टाकी भरलेली, तरी शेगडी पेटत नाही. युरोपातील प्रवासी यासाठी हिवाळ्यात प्रोपेनची टाकी घेतात.

थंडीचा आणखी एक धोका आहे आणि तो जिवावरचा आहे. थंडी वाजते म्हणून खिडक्या व झरोके बंद करावेत आणि शेगडी पेटवून ऊब घ्यावी, असा मोह होतो. पण जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. झोपलेला माणूस त्याने झोपेतच दगावतो. आपल्याकडेही हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यामुळे माणसे दगावल्याच्या दुःखद घटना घडतात. म्हणून मोटरहोममधील खालचे आणि वरचे झरोके कधीही पूर्ण बंद करायचे नसतात. स्वयंपाकाची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवायची नसते. या वायूची सूचना देणारी घंटाही गाडीत बसवतात. झरोका उघडा असण्याचा दुसराही फायदा आहे. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील वाफ बाहेर जाते. नाहीतर सकाळी काचांवरून पाणी ओघळते, गादी दमट होते आणि तिला बुरशी लागते.

घराच्या आतले नियम आपण पाहिले. आता घराबाहेरचे पाहू. त्यासाठी डॉ. स्टेबल्स जेथे पोचले होते, त्या इन्व्हर्नेस शहरातून पुढे निघू. तेथून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालून पुन्हा इन्व्हर्नेसला येणारा एक प्रवासमार्ग २०१५ साली 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने सुरू करण्यात आला. तो सुमारे ८३० किलोमीटर लांब आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधूनच निळी सरोवरे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. साहजिकच मोटरहोमवाले या मार्गावर गर्दी करू लागले.

पण या मार्गाचा बराच भाग एकपदरी आहे. एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. म्हणून थोड्याथोड्या अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला आहे. समोरून गाडी आली, की तेथे थांबून तिला वाट द्यायची. मागून कोणी घाईत येत असेल, तर त्यालाही तेथेच पुढे जाऊ द्यायचे. ही जागा वाट देण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. तरीही काही प्रवासी तेथेच गाडी लावून चहा करीत बसत, रात्रीही तेथेच काढत. काहींनी तर संडासाच्या टाक्या रस्त्याच्या कडेला रिकाम्या केल्या. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, त्यात नवल ते काय? प्रवाशाची ती चार दिवसांची सहल असते. पण त्याच रस्त्याने गावातील मुले शाळेत जातात, डॉक्टर रुग्णाकडे जातात.

याच मार्गावर एक अवघड घाट आहे. त्याचे नाव 'ब्यालाख ना बा'. तेथील जुन्या गेलिक भाषेत याचा अर्थ 'गुरांची खिंड'. हा घाट समुद्रकाठापासून ६२६ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि त्याला कोपऱ्यासारखी तीव्र वळणे आहेत. नवशिक्या चालकांनी आणि मोठ्या गाड्यांनी या वाटेने जाऊ नये, अशी पाटी पायथ्याशीच लावली आहे. ॲपलक्रॉस या गावाला जायला हा जवळचा रस्ता आहे खरा. पण किनाऱ्याने जाणारा एक दूरचा, सोपा रस्ताही आहे. आपली गाडी लहान असली, तरी ते शेवटी घर आहे. जाणता प्रवासी पाटी वाचतो आणि दूरचा रस्ता धरतो.

मग मुक्काम कोठे करायचा? आणि घाण पाणी कोठे टाकायचे? जर्मनी आणि फ्रान्समध्ये अनेक गावांनी मोटरहोमसाठी खास जागा राखून ठेवल्या आहेत. तेथे थोडे पैसे भरून रात्र काढता येते. तेथे स्वच्छ पाणी भरता येते आणि सांडपाणी व संडासाची टाकी नेमलेल्या जागी रिकामी करता येते. जुन्या काळी कारवाँसाठी सराया होत्या. या आजच्या सरायाच म्हणा ना! चांगले प्रवासी गावच्या दुकानातून भाजी आणि पाव विकत घेतात. रात्री मोठ्याने गाणी लावत नाहीत. सकाळी निघताना मागे कागदाचा कपटाही ठेवीत नाहीत.

हे सगळे वाचून तुम्हांला वाटेल, की असे घर म्हणजे केवळ मौज आहे. परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या ब्रिस्टल शहरात 'वाँडरर' तयार झाली, त्याच शहरात आज शेकडो माणसे व्हॅनमध्ये आणि कॅराव्हॅनमध्ये राहतात. त्यांतील काहींनी असे राहणे आवडीने निवडले आहे. पण अनेकांना शहरातील घरभाडे परवडत नाही, म्हणून त्यांनी गाडीत संसार मांडला आहे. ते सकाळी कामावर जातात आणि रात्री रस्त्याकडेच्या गाडीत येऊन झोपतात. पाणी कोठून आणावे, संडासाची टाकी कोठे रिकामी करावी, आज येथून कोणी उठवणार तर नाही ना, हा प्रश्न त्यांना रोजच पडतो. गाडी तीच, पलंग तोच. एकाला परत जायला पक्के घर आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच काय तो फरक. पण हा फरक फार मोठा आहे.

आपल्या देशातही आता मोटरहोम येऊ लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. उद्या कोकणातील एखाद्या खाडीकाठी किंवा सह्याद्रीच्या एखाद्या घाटात तुम्हांलाही असे घर उभे दिसेल. कदाचित तुमच्यापैकीच कोणी त्याचा चालक असेल. तेव्हा एवढे लक्षात ठेवा. चाकांवरचे घर लहान असते, म्हणून त्यात पाणी मोजून वापरावे लागते, वजन तोलून भरावे लागते आणि झरोका उघडा ठेवावा लागतो. पण ते घर दुसऱ्याच्या दारात उभे असते, म्हणून वाट द्यावी लागते, जागा स्वच्छ ठेवावी लागते आणि यजमान गावाचा मान राखावा लागतो. आतले नियम चुकले तर आपले नुकसान होते. बाहेरचे नियम चुकले तर आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मुसाफिराची वाट बंद होते.

शब्दार्थ

बिऱ्हाड – तात्पुरते घर व त्यातील सामान
जथा – समूह, टोळी
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समुदाय
आरमार – लढाऊ जहाजांचा ताफा
शेज – अंथरूण, बिछाना
ऐसपैस – मोकळे, प्रशस्त
कोठार – सामान साठवण्याची जागा
झरोका – हवा येण्याजाण्यासाठी ठेवलेली लहान खिडकी
खिंड – दोन डोंगरांमधील अरुंद वाट
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी
कपटा – लहान तुकडा
यजमान – पाहुण्याचे स्वागत करणारा

वाक्प्रचार

मजल दरमजल करीत जाणे – टप्प्याटप्प्याने प्रवास करणे
संसार मांडणे – घर थाटून राहू लागणे
वाट देणे – दुसऱ्याला पुढे जाऊ देणे
मान राखणे – आदर करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'व्हॅन' हा शब्द कोणत्या शब्दापासून तयार झाला?
(आ) डॉ. स्टेबल्स यांनी आपल्या गाडीचे नाव काय ठेवले होते?
(इ) कार्बन मोनॉक्साइड वायू ओळखणे अवघड का असते?
(ई) 'ब्यालाख ना बा' या नावाचा अर्थ काय?

प्र. २. दोनतीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लांबच्या प्रवासाला निघणारे लोक पक्का पलंग का पसंत करतात?
(आ) पलंगाखालच्या कोठारात सारे जड सामान का ठेवू नये?
(इ) स्कॉटलंडमधील गावकऱ्यांनी कशाबद्दल तक्रारी केल्या?

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'गाडी तीच, पलंग तोच' असे लेखकाने का म्हटले आहे? हौसेने गाडीत राहणारा आणि नाइलाजाने गाडीत राहणारा यांच्यातील फरक स्पष्ट करा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) बहुतेक लहान मोटरहोमची वजनाची मर्यादा ........ किलो असते.
(आ) १९५१ साली ........ या कारखान्याने व्हॅनमध्ये ठेवण्याचे सामान विकायला काढले.
(इ) कडाक्याच्या थंडीत ........ हा वायू उपयोगी पडतो.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
वाट देणे, मान राखणे, संसार मांडणे

प्र. ६. गणित करा.
एका मोटरहोममध्ये १०० लिटर पाणी आहे. चार माणसांनी ते दोन दिवस पुरवायचे आहे. प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती लिटर पाणी येईल?

उपक्रम
(१) तुमच्या घरी एका दिवसात किती बादल्या पाणी लागते, त्याची नोंद करा. एक बादली कमी कशी करता येईल, याची घरातील मोठ्या माणसांशी चर्चा करा.
(२) 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीप्रमाणे उर्दूत आणि मराठीत सारख्या अर्थाच्या असलेल्या पाच म्हणी गोळा करा.